शेवगा लावावा की हदगा?



मृग आता तोंडावर आला आहे. कपाशीची व बाजरीची बियाणी घरात येऊन पडली, औतांची डागडुजी झाली आणि घरधनी आकाशाकडे डोळे लावून बसला. याच दिवसांत घरची बाई मात्र दुसरीकडेच पाहत असते. परसदारी मोरीचे पाणी वाया जाते, तेथे एखादे झाड लावावे असे तिला वाटते. गेल्या आठवड्यात नरडाण्याच्या बाजारात भाजीच्या पालांजवळ एका ताईंनी मला थांबवून विचारले, "भाऊ, घरामागे एकाच झाडाची जागा आहे. शेवगा लावू की हदगा?"

प्रश्न साधा आहे, पण उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा नाही. तीन वर्षांपूर्वी मी असेच उभ्याउभ्या उत्तर दिले होते आणि ते एका घराला महागात पडले. तेव्हा प्रथम ती हकिगत सांगतो. म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते का लिहितो, हे आपल्या ध्यानात येईल.

माझी चूक

आमच्याच भागातील एका खेड्यात, भारी काळ्या जमिनीवर वसलेल्या वस्तीत, एका कुटुंबाकडे मी गेलो होतो. घरात सासू, मुलगा, सून. दोन एकर कोरडवाहू शेती आणि चार शेळ्या. सून घरात नवी, अंगाने नाजूक. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, घरच्या घरी भाजीपाला मिळेल असं काही सांगा." परसात मोरीच्या पाण्याचा खड्डा होता, बारा महिने ओला. मी म्हटले, "ताई, शेवगा लावा. शेवगा कुठेही येतो." खड्ड्याच्या काठावर मीच जागा दाखविली. शेळ्यांचा गोठा तेथून पाच-सहा फुटांवर होता, तेही मी पाहिले नाही.

झाड जोमाने वाढले. पहिल्या वर्षी शेंगाही आल्या. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात तीन दिवस झड लागली. खड्डा तुडुंब भरला, काळी जमीन चिखल झाली आणि रात्रीच्या वाऱ्यात झाड मुळासकट उन्मळून गोठ्यावर कोसळले. एक गाभण शेळी दगावली. तिची करडे विकून घरातला एक मोठा खर्च भागवायचा होता.

दोन दिवसांनी मी गेलो, तर ताई एवढेच म्हणाल्या, "भाऊ, झाड पडी गयं." मला दोष दिला नाही. पण मी उन्मळलेली मुळे पाहिली. ती काळी पडली होती, बोटाने दाबली की साल हातात येत होती. झाड वाऱ्याने पडले हे खरे, पण ते आधीच खालून कुजले होते. शेवगा कुठेही येतो, हे माझे वाक्य अपुरे होते. जेथे पाणी साचत नाही तेथे कुठेही येतो, असे मी म्हणावयास हवे होते. त्या ओल्या खड्ड्याच्या काठावर खरे तर हदगा लावावयास हवा होता.

म्हणून आज ही दोन्ही झाडे शेजारीशेजारी ठेवून पाहू.

दिसायला सारखी, जात वेगळी

दोन्ही झाडे झपाट्याने वाढतात, दोघांचे लाकूड मऊ, दोघांची पाने बारीक आणि सावली विरळ. दोघांचा पाला, फुले व शेंगा खाण्यात येतात. पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी, पांगारा यांच्याबरोबर शेवगा व हदगा लावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्यामुळे ही दोन्ही एकाच घरची भावंडे आहेत असे पुष्कळांना वाटते.

तसे नाही. हदगा हा तूर, हरभरा, मूग यांच्या कुळातला आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. शेवग्याला लांब शेंगा येतात म्हणून तोही त्याच कुळातला, असे समजू नये. शेवग्याचे कुळ निराळे, त्याच्या मुळांवर अशा गाठी नसतात. म्हणजे हदगा जमिनीला काही देतो, तर शेवग्याला आपण शेणखत दिले पाहिजे. पुढचे बरेचसे फरक या एका गोष्टीतून आणि दोघांच्या मुळांच्या स्वभावातून निघतात.

पाणी व जमीन

शेवग्याला ऊन, उष्णता आणि कोरडेपणा मानवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तरी जुने शेवग्याचे झाड तग धरते. त्याचे मूळ जाड व मांसल असते, त्यात पाणी साठवलेले असते. पण याच मांसल मुळाला हवा हवी. दोन-चार दिवस पाणी साचून राहिले की मूळ गुदमरते व कुजते. मुरमाड, वाळूमिश्रित, उताराची जमीन शेवग्याला उत्तम. भारी काळ्या जमिनीत लावायचाच असेल, तर खड्ड्यात लावू नये, उंचवट्यावर लावावा.

हदग्याचा स्वभाव याच्या उलट आहे. तो मूळचा दक्षिण व आग्नेय आशियातल्या ओल्या, उष्ण मुलखातला. एकदा मूळ धरले की साचलेले पाणी तो बराच काळ सहन करतो. भाताच्या बांधावर तो लावतात तो यामुळेच. पण आपला शिंदखेडा तालुका अवर्षणप्रवण. येथे केवळ पावसाच्या भरवशावर हदगा लावला तर उन्हाळ्यात तो सुकतो. म्हणून आपल्याकडे हदग्याची जागा म्हणजे मोरीच्या पाण्याची वाट, हौदाची गळती किंवा पाटाचा काठ.

थोडक्यात, जेथे पाणी टिकते तेथे हदगा, जेथे पाणी टिकत नाही तेथे शेवगा.

आपली जागा कोणती, हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. दीड-दोन फूट खोल खड्डा खणावा. संध्याकाळी तो पाण्याने भरावा व जिरू द्यावा. मग पुन्हा एकदा भरून झोपी जावे. सकाळी खड्डा कोरडा दिसला तर शेवगा लावण्यास हरकत नाही. पाणी तसेच उभे असेल तर तेथे शेवगा लावू नये. हे मी तीन वर्षांपूर्वी त्या घरी केले असते, तर घागरभर पाण्यात काम झाले असते.

मोरीच्या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. अंघोळीचे व भांडी विसळल्याचे पाणी झाडाला चालते. धुण्याचा सोडा व कपड्यांची पावडर असलेले पाणी रोज एकाच जागी ओतले, तर काळी जमीन चोपण होत जाते. तेव्हा धुण्याचे पहिले पाणी दुसरीकडे काढावे व नंतरचे पाणी झाडाकडे वळवावे. खड्ड्यात विटांचे तुकडे, गोटे व वर जाडी वाळू भरली म्हणजे घाण वर राहत नाही व डासही कमी होतात.

लावण कशी करावी

शेवगा दोन तऱ्हांनी लावता येतो. आपल्याकडचे जुने बारमाही झाड फांदीपासून येते. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी घेऊन तिचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरावा. दुसरी तऱ्हा बियांची. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेएम-१ ही जात आता आपल्याकडे सर्वत्र दिसते. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा ही जातही आहे. पीकेएम-१ साठी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. त्यात दोन पाट्या कुजलेले शेणखत व माती भरून वर वीतभर उंचवटा करावा. दोन बिया एक इंच खोल टोकाव्यात. आठ-दहा दिवसांत उगवण होते. जोमदार रोप ठेवून दुसरे काढावे. दोन झाडांत आठ फूट अंतर पुरते. लागवडीपासून सुमारे सहा महिन्यांनी शेंगा तोडणीस येऊ लागतात.

हदगा बियांपासूनच लावावा. वाळलेल्या शेंगेतील बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे आणि सकाळी जागेवरच अर्धा इंच खोल लावावे. त्याला शेणखत थोडेच पुरते, वरखताची गरज नाही. पाणी मिळाले तर पहिल्याच वर्षी झाड छपराच्या वर जाते. पांढऱ्या फुलाचा व लाल फुलाचा असे दोन प्रकार असतात. भाजीसाठी पांढरा घ्यावा, लाल फूल जास्त कडवट लागते.

दोन्ही झाडे भिंतीपासून व गोठ्यापासून निदान दहा-बारा फूट लांब लावावीत. विजेच्या तारेखाली लावू नयेत. ही सूचना मी आता कोणत्याही घरी सर्वांत आधी देतो.

छाटणी : येथे पुष्कळ जण फसतात

शेवगा जितका छाटावा तितका तो फुटतो. बियांचे झाड अडीच फुटांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात व शेंगा हाताला येतात. शेंगांचा बहार संपला की खोड जमिनीपासून तीन फुटांवर करवतीने कापावे. पुन्हा फुटवा येतो व काही महिन्यांत शेंगा लागतात. असे तीन-चार वर्षे चालते, नंतर नवे झाड लावणे बरे. ज्याने शेवगा कापला नाही त्याचे झाड वीस-पंचवीस फूट जाते, शेंगा आकाशात लागतात आणि मग मुले वर चढतात. शेवग्याची फांदी काडकन मोडते. शेवग्यावर मुलांना कधीही चढू देऊ नये. झाड लहान ठेवणे हाच त्यावर खरा उपाय आहे.

शेवग्याला हे मानवते म्हणून कोणी हदग्यालाही तसेच बुंध्याकडून कापतो आणि झाड वाळते. हदग्याला वारंवार कडक छाटणी सोसत नाही. त्याचा मुख्य शेंडा वाढू द्यावा आणि चाऱ्यासाठी बाजूच्या फांद्याच तेवढ्या घ्याव्यात. एका वेळी सगळा पाला ओरबाडू नये, निम्मा झाडावर ठेवावा.

थंडी, वारा व कीड

धुळ्याकडची थंडी आपल्या परिचयाची आहे. पौषात थंडीची लाट आली की शेवगा पाने गाळतो, पण उन्हे तापू लागली की फुलांनी भरतो. हदग्याला मात्र थंडी बाधते, कोवळे शेंडे काळवंडतात. म्हणून हदगा शक्यतो घराच्या किंवा कुडाच्या आडोशाला, उत्तरेचा वारा अडेल अशा बाजूस लावावा. आडोसा म्हणजे भिंतीला चिकटून नव्हे, वर सांगितलेले अंतर राखूनच. वाऱ्यापुढे दोन्ही झाडे नाजूक आहेत. पहिले वर्षभर बांबूचा आधार द्यावा.

शेवग्याचा मुख्य शत्रू म्हणजे पावसाळ्यातील केसाळ अळ्या. त्या दिवसा खोडावर घोळक्याने बसतात. त्यांचे केस अंगाला लागले की खाज सुटते, गांधी उठतात. या अळ्यांच्या भीतीने कित्येकांनी चांगली झाडे तोडून टाकली. झाड तोडण्याची गरज नाही. अळ्या एका जागी असतात, हेच आपल्या फायद्याचे. हातपाय झाकून, लांब काठीला फडके बांधून, साबणाच्या दाट पाण्यात बुडवून तो घोळका खाली पाडावा व तेथेच मारावा. ज्या झाडाचा पाला रोज खातो त्यावर शेतातले जहाल औषध मारू नये. हदग्यात खोडाला भोक पाडणारी अळी दिसते. भोकातून भुसा पडू लागला की ती फांदी कापून जाळावी.

स्वयंपाकघरात

शेवग्याच्या शेंगांची आमटी मी सांगायला नको. पण पाल्याची भाजी आपल्याकडे तितकीशी होत नाही, ती व्हावी. कोवळा पाला देठातून ओरपून, धुऊन, भिजवलेली मूगडाळ, लसूण व मिरची घालून परतावा, वरून शेंगदाण्याचा कूट. कळण्याच्या भाकरीबरोबर ही भाजी चांगली लागते.

हदग्याची फुले पावसाळा सरता सरता येऊ लागतात. देशाकडे मुली आश्विनात हादगा खेळतात, तेव्हा याच झाडाची फांदी व फुले लागतात. आपल्याकडे त्या सुमारास भुलाबाई बसते. फुलांच्या आतील केसर व खालचा हिरवा देठ काढून टाकावा, नाहीतर भाजी कडवट होते. मग फुले चिरून कांदा-मिरचीवर परतावीत किंवा बेसनात बुडवून भजी तळावीत. कोवळ्या पाल्याचीही भाजी होते, पण ती थोडी कडसर असते. ज्यांना मेथी आवडते त्यांना ती आवडेल.

आता पोषणाचे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या पाल्यात,

शेवगा : प्रथिने ६.७ ग्रॅम, कॅल्शियम ४४० मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व २२० मिलिग्रॅम.

हदगा : प्रथिने ८.४ ग्रॅम, कॅल्शियम ११३० मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व १६९ मिलिग्रॅम.

संस्थेने २०१७ साली नवे तक्ते काढले. त्यांत दोघांच्याही कॅल्शियमचे आकडे पूर्वीपेक्षा कमी आहेत, पण हदगा पुढे व शेवगा मागे हा क्रम तोच आहे. क जीवनसत्त्व शिजवताना बरेचसे जाते, म्हणून भाजी झाकून व थोडाच वेळ शिजवावी. डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व शरीरात ज्या द्रव्यापासून तयार होते, ते दोन्ही पाल्यांत भरपूर आहे. सारांश, पाल्याच्या बाबतीत कोणीही कोणाहून हलका नाही. शेंगांच्या बाबतीत मात्र शेवग्याला तोड नाही. बाजारात पैसा होतो तोही शेवग्याच्या शेंगांचा.

गोळ्या बंद करू नयेत

ज्या घराची हकिगत मी वर सांगितली तेथे शेळीच्या वेळी आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सूनबाईंना तेव्हा पाचवा महिना होता. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या. गोळीने मळमळते आणि शेवग्याच्या पाल्याची भुकटी घेतली की गोळी लागत नाही, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. शेवग्यात पालकाच्या पंचवीस पट लोह असते, हे वाक्य आपणही ऐकले असेल. उपकेंद्रात रक्त तपासले, तेव्हा ते आठच्या घरात निघाले.

त्या पंचवीस पटीचा हिशेब असा आहे. ती तुलना वाळलेल्या भुकटीची ओल्या पालकाशी केलेली असते. चार-पाच किलो ओला पाला वाळवावा तेव्हा किलोभर भुकटी होते. कोणताही पाला वाळवला की त्याचे आकडे असेच वाढतात. २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पाल्यात लोह साधारण साडेचार मिलिग्रॅम आहे आणि पाल्यातील लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून जी गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस ती रोज घ्यावयाची असते. पाल्याची भाजी जरूर खावी, वर लिंबू पिळावे, जेवणाला लागून चहा घेऊ नये. पण भाजी गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही. मळमळत असेल तर गोळी बंद न करता आशाताईंना किंवा परिचारिकेला विचारावे.

सूनबाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बाळंतपण सुखरूप पार पडले.

याच संदर्भात आणखी एक. शेवग्याचे मूळ व साल औषध म्हणून पोटात घेण्याचा प्रकार काही ठिकाणी आहे. तो कोणीही करू नये आणि गरोदर बाईने तर मुळीच नाही. पाला, फुले व शेंगा एवढेच आपले अन्न.

गोठ्यात व शेतात

शेळ्या-म्हशींना दोन्हींचा पाला आवडतो. हदग्याचा पाला प्रथिनांनी भरलेला असल्यामुळे कडब्याच्या जोडीला तो फार उपयोगी. परंतु नुसता हदगाच घालू नये. एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शापर्यंत ठेवावा व सवय हळूहळू लावावी. कोंबड्यांना हदग्याचा पाला व बी घालू नये, ते त्यांना विषारी ठरते.

हदग्याचा गळलेला पाला आळ्यात कुजला की उत्तम खत होते. त्याच्या विरळ सावलीत मिरची, कोथिंबीर, अळू चांगले येते. शेवग्याखाली भाजी येते, पण तिच्यासाठी खत वेगळे द्यावे लागते.

शेवग्याच्या पक्व बियांचा एक उपयोग कित्येकांना ठाऊक नाही. बीवरचे टरफल काढून आतील पांढरा गर बारीक वाटावा आणि गढूळ पाण्यात ढवळून तासभर स्थिर ठेवावा. गाळ तळाशी बसतो. गढूळपणा पाहून लिटरला एक-दोन बिया पुरतात. मात्र निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. ते वरच्यावर ओतून, गाळून, उकळूनच प्यावे आणि त्याच दिवशी संपवावे. पेरणीसाठी औषध लावलेले पाकिटातील बी यासाठी कदापि वापरू नये.

मग लावावे काय?

आता बाजारातल्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. आपण आपल्या घरापुरते असे पाहावे.

जमीन मुरमाड किंवा उताराची, पाणी बेताचे, आणि शेंगा विकून दोन पैसे यावेत अशी इच्छा असेल, तर शेवगा.

जमीन काळी व ओली, मोरीचे पाणी बारा महिने, दारात शेळ्या किंवा म्हैस, आणि थंड वाऱ्याला आडोसा असेल, तर हदगा.

जमीन काळी, पण शेवगाच हवा असेल, तर मोरीपासून लांब, घराच्या उंच बाजूला, मुरूम व शेणखत घालून दीड-दोन फूट उंच ओटा करावा व त्यावर लावावा. वरून गुळण्या केल्याचे किंवा हात धुतल्याचे पाणी मिळाले तरी त्याला पुरे.

आणि जागा दोन झाडांची असेल, तर वाद कशाला? दोन्ही लावावीत, फक्त जागांची अदलाबदल करू नये.

बाजारातल्या ताईंना मी यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हटले, "ताई, आज रात्री खड्डा भरा, सकाळी बघा आणि मला सांगा." परवा त्यांच्या मुलाने निरोप आणला, सकाळी खड्ड्यात वीतभर पाणी उभे होते. हदग्याचे बी त्यांना पोहोचते केले आहे.

ज्या घरी माझ्या सल्ल्याने नुकसान झाले, तेथे मी नंतर स्वतः जाऊन मोरीच्या काठी, गोठ्यापासून पंधरा पावलांवर, हदगा लावून दिला. शेवग्याच्या पडलेल्या झाडाच्या दोन फांद्या ताईंनी त्या वेळी जपून ठेवल्या होत्या आणि रस्त्याकडच्या उंच बाजूला रोवल्या होत्या. त्यांतली एक जगली. यंदा तिला शेंगा आहेत. मागच्या महिन्यात गेलो, तर ताईंनी निघताना जुडीभर शेंगा माझ्या पिशवीत घातल्या. मी नको म्हणत होतो. शेळीची भरपाई मात्र शेंगांनी होत नाही, हे त्यांना व मला दोघांनाही ठाऊक आहे.

सल्ला देणारा निघून जातो, झाड त्या घरात राहते. म्हणून माझ्यासकट कोणीही "हे झाड कुठेही येते" असे सांगितले, तर आपण त्याला आधी आपली जमीन दाखवावी, गोठा दाखवावा, पाणी कोठे साचते ते दाखवावे, आणि मगच खड्डा घ्यावा.

पुढील अंकात मोरीच्या पाण्यावर अळू व केळी कशी घ्यावी, ते पाहू.